तिखट, मलईदार डिप फुटतो कुठे आणि पाणी सुटतं कुठून

प्रश्न असा आला आहे: "फ्राइज, कटलेट, मोमो यांच्याबरोबर बाहेर मिळतो तसा तिखट, मलईदार डिप घरी करायचा आहे. अंडं चालणार नाही. दूध-तेलाचं मेयोनीज तीनदा केलं. दोनदा फुटलं. तिसऱ्यांदा जमलं, पण हिरवी चटणी घातल्यावर तासाभरात पाणी सुटलं. दह्याचा केला तर आंबट आणि पातळ होतो. शिवाय मिरची कितीही घातली तरी आधी लागतच नाही, आणि मग एकदम डोळ्यांतून पाणी काढते. नेमकं काय चुकतंय?"

मी डोंबिवलीत घरून पार्ट्यांच्या ऑर्डरी घेते, त्याला आता अठरा वर्षं झाली. डिप हा माझ्याकडचा रोजचा पदार्थ आहे आणि तुमच्या चारही तक्रारी मी एकेक करून भोगल्या आहेत. त्यावरून सांगते, या चारही तक्रारींचं मूळ एकच आहे, पाणी. दुधातलं, दह्यातलं, चटणीतलं आणि मिठाने ओढून काढलेलं. मिरची उशिरा लागते त्याचंही कारण शेवटी पाणी आणि तेल यांच्यातच सापडतं. पाणी कुठे आहे, किती आहे आणि कशाने बांधलं आहे, एवढं कळलं की पुढे कुठलाही डिप बिघडत नाही.

खरं तर हा प्रकार आपल्याला परका नाही. सोलापूरकडे शेंगदाण्याची चटणी घट्ट दह्यात कालवून भाकरीला लावून खातात. मिरचीचा ठेचा दह्यात कालवणं तर घरोघरी चालतं. तिखट आणि मलईदार, बुडवून खायचं, म्हणजे डिपच की तो. त्यात बघण्यासारखं हे की तिखट बाजू नेहमी कोरडी आणि तेलकट असते, कुटलेली किंवा परतलेली. पाण्यात वाटलेली मिरची कोणी दह्यात कालवत नाही. आपण मिक्सर आल्यावर हे विसरलो.

आधी मेयोनीज फुटण्याचं बघू. दूध आणि तेल एरवी एकमेकांत मिसळत नाहीत. मिक्सरची पाती तेलाचे बारीक बारीक थेंब करतात आणि दुधातली प्रथिनं त्या प्रत्येक थेंबाभोवती पातळ आवरण धरतात, म्हणून थेंब पुन्हा एकत्र येत नाहीत. अंड्याच्या मेयोनीजमध्ये हेच काम बलकातलं लेसिथिन करतं. स्पेनमध्ये दुधाच्या या मेयोनीजला लाक्तोनेसा असं वेगळं नावच आहे, तेव्हा ही अंड्याला शोधलेली कामचलाऊ पळवाट आहे असं मनात आणू नका.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण इथे जवळजवळ सगळे उलट वागतात. मेयोनीज पातळ झालं तर त्यात आणखी तेल लागतं, कमी नाही. सकाळी आठ सतराच्या लोकलमध्ये माणसं इतकी दाटलेली असतात की कोणाला हलता येत नाही. तेलाचे थेंब तसेच दाटले की मिश्रण उभं राहतं. थेंब थोडे आणि दूध फार असेल, तर ते आपले दुधात तरंगत राहतात आणि तुम्हाला मिळतं दाट ताक. तेल कमी घातलं की पदार्थ हलका होईल, या विचाराने कित्येकजणी निम्मंच तेल घालतात आणि मग घट्ट का होत नाही म्हणून मिक्सर फिरवत बसतात. कमी तेलाचा डिप हवा असेल तर चक्क्याचा करा. तोही पुढे सांगते.

माझं प्रमाण असं: १०० मिली दूध, २०० मिली तेल. दूध फुल क्रीम, म्हणजे ६ टक्के स्निग्धांशाचं, उकळून पूर्ण गार केलेलं, साय काढलेलं, फ्रिजमधून आत्ता काढलेलं. तेल रिफाइंड सूर्यफुलाचं किंवा कुठलंही वास नसलेलं. घाण्याचं शेंगदाणा तेल भाजीला सुरेख, पण इथे दुधाच्या चवीवर चढून बसतं. महागातलं एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल तर अजिबात नको, पात्यांखाली जोरात फिरलं की ते कडू होतं. याशिवाय पाऊण चमचा मीठ, एक चमचा साखर, अर्धा चमचा मोहरीची पूड आणि दीड ते दोन चमचे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. चमचा म्हणजे चहाचा, सपाट भरलेला.

मोहरी चवीपुरती असते असं समजून ती गाळू नका. आपल्याकडे मोहरी फेसतात ना, थोडं पाणी घालून, नाकात जाईपर्यंत? फेसलेली मोहरी वाटीत कशी चिकट, फुगलेली दिसते ते आठवा. मोहरीच्या सालातला तो चिकटपणा तेलाला धरून ठेवतो. दुधाच्या मेयोनीजमध्ये प्रथिनांच्या मदतीला हा दुसरा हात फार उपयोगी पडतो. अर्ध्या चमच्यापेक्षा जास्त मात्र नको, कडवटपणा येतो.

भांडं चुकलं तर बाकी सगळं बरोबर असून फुटतं. १०० मिली दूध मिक्सरच्या मोठ्या जारमध्ये घातलं तर पाती ते भिंतींवर उडवतात, तळाशी काही उरत नाही आणि वरून ओतलेलं तेल तसंच मोकळं फिरत राहतं. तुमचं पहिल्या दोन वेळा बहुतेक हेच झालं असणार. चटणीचा लहान जार घ्या, पाती दुधाखाली पूर्ण बुडली पाहिजेत. दूध, मीठ, साखर, मोहरी घालून दहा सेकंद फिरवा. मग तेलाचे चार-पाच भाग करा, एक भाग घालायचा, चार-पाच सेकंद फिरवायचं, थांबायचं, पुढचा भाग. झाकणाला भोक असेल तर बारीक धार धरा. हँड ब्लेंडर असेल तर आणखी सोपं. उंच, अरुंद भांड्यात दूध आणि त्यावर सगळं तेल ओता, ब्लेंडरचं तोंड तळाला टेकवून चालू करा आणि पंधरा-वीस सेकंद जागचं हलवू नका. तळातून पांढरे पट्टे वर चढताना दिसतात. ते अर्ध्यापर्यंत आले की मग हळूहळू ब्लेंडर वर घ्या.

जमलं की नाही हे मी कानाने ओळखते. सुरुवातीला जारमधून पातळ, खळखळता आवाज येतो. तेलाचा तिसरा-चौथा भाग गेला की आवाज खाली बसतो, जड होतो, श्रीखंड घोटताना रवीला जसा जोर लागतो तसा मिक्सरला जोर लागायला लागतो. झाकण काढून बघा: मधला खड्डा बंद झालेला असतो, वर तेलाची चमक दिसत नाही, चमचा उचलला की खूण तशीच राहते. इथे थांबा. आणखी फिरवून आणखी घट्ट होईल या आशेने पुढचं मिनिट घालवलं तर जार तापतो आणि तापलेलं मेयोनीज फुटतं. हाताला जार कोमट लागला तर झाकण लावून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग पुढचं तेल.

आंबट शेवटी घालायचं. लिंबू आधी घातलं तर दूध तेल धरण्याआधीच फाटायला लागतं. घट्ट झाल्यावर घातलं तर तेच आंबट प्रथिनांना आवळतं आणि मेयोनीज दोन फिरक्यांत आणखी दाटतं. व्हिनेगर घातल्यावर चमच्यावरून पडणारा थेंब पडायचा थांबतो, हे बघायला मला अजूनही आवडतं.

आणि तरीही फुटलं तर? स्वच्छ, कोरड्या जारमध्ये तीन मोठे चमचे नवं गार दूध आणि चिमूटभर मोहरी घ्या, ते फिरवा आणि फुटलेलं मिश्रण त्यात चमच्याचमच्याने घाला, जणू ते नुसतं तेलच आहे. दहापैकी आठ-नऊ वेळा मिळून येतं. पहिल्याच जारमध्ये आणखी तेल किंवा कॉर्नफ्लोअर टाकत बसू नका. कॉर्नफ्लोअर दुधात शिजवून केलेलं मेयोनीज गाड्यांवर चालतं, ते फुटत नाही आणि स्वस्तही पडतं, पण जिभेवर पिठाचा थर राहतो. मी ते करत नाही.

अंड्याबद्दल दोन शब्द, कारण हे वाचणाऱ्यांत अंडं खाणारेही असतील. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर केरळने जानेवारी २०२३ मध्ये बंदी घातली, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षभरासाठी आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये वर्षभरासाठी. कारण एकच, कच्च्या अंड्यातून येणारा साल्मोनेला हा जंतू. आपल्या हवेत तो झपाट्याने वाढतो आणि लिंबाच्या दोन चमच्यांनी तो मरेल या भरवशावर राहता येत नाही. अंड्याचीच चव हवी असेल तर पूर्ण उकडलेल्या अंड्याचा बलक दुधाबरोबर फिरवून वरच्याच पद्धतीने तेल घाला. चव मिळते आणि जीव धोक्यात पडत नाही. लहान मुलांच्या वाढदिवसाला मी कच्चं अंडं कधीच वापरलेलं नाही.

आता तिखट. मिरचीतला तिखटपणा ज्याने येतो ते कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. मलईदार डिपमध्ये ते तेलाच्या थेंबांत जाऊन बसतं, शिवाय दुधातलं केसीन नावाचं प्रथिन त्याला पकडून ठेवतं. म्हणूनच तिखट लागल्यावर पाण्यापेक्षा दुधाचा घोट बरा वाटतो. डिप तोंडात गेला की आधी गारवा, मलई, आंबटगोड कळतं. तोंडाच्या उबेने सगळं सैल झालं की मगच तिखट सुटतं. तुम्ही पहिल्याच चमच्याला "लागत नाही" म्हणून आणखी घातलंत आणि नंतर दोन्हीचा हिशोब एकदम आला. तिखट घातल्यावर डिप अर्धा तास झाकून ठेवा आणि मगच दुसऱ्यांदा घालायचं की नाही ते ठरवा. चव चमच्याने बघू नका, ज्याच्याबरोबर खायचा आहे त्याच्यावर लावून बघा. फ्राइजवर स्वतःचं मीठ असतं, मोमोवर नसतं. चमच्यावर बरोबर वाटलेला डिप मोमोवर अळणी लागतो.

पाण्यातून तिखट घालायचं नाही, तर मग कसं? फोडणीच्या तेलातून. चार मोठे चमचे तेल मंद आचेवर तापवा, त्यात सहा-सात लसूण पाकळ्या बारीक चिरून सोडा आणि फिकट सोनेरी होऊ द्या. लालसर झाल्या की उशीर झाला, गॅस बंद केल्यावरही त्या शिजतच राहतात. गॅस बंद. लसणाभोवतीचे बुडबुडे थांबेपर्यंत थांबा, साधारण मिनिटभर, आणि मग दोन चमचे ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड, अर्धा ते एक चमचा लवंगी किंवा संकेश्वरीची पूड आणि एक चमचा भाजलेले तीळ घाला. तेल आणखी गरम असेल तर पूड क्षणात काळी पडते आणि तो जळका कडवटपणा कुठल्याही साखरेने जात नाही. बरोबर तापमानाला पूड फक्त फुलते, तेल कडेने नारिंगी होत जातं आणि घरभर मसाला भाजल्याचा वास सुटतो, ठसका मात्र लागत नाही. ठसका लागला म्हणजे मिरची करपली.

दोन मिरच्या कशाला, असं विचाराल. ब्याडगी रंगाची, तिखटाला सौम्य. तिचा रंगही तेलातच उतरतो, म्हणून डिप गुलाबी न दिसता भगवा-लाल दिसतो. लवंगी लहान आणि जहाल, पण तिला रंग नाही. नुसत्या लवंगीचा डिप फिकट दिसतो आणि खाणारा बेसावध राहतो. नुसती ब्याडगी घातली तर दिसतो झणझणीत आणि लागतो गोडसर. ताजी मिरची वापरत असाल तर तिखट कमी करायला बिया काढत बसू नका. बियांपेक्षा त्यांना धरून असणारी आतली पांढरी शीर जास्त तिखट असते, ती काढा.

हे तेल पूर्ण गार होऊ द्या. कोमट तेलसुद्धा मेयोनीजमध्ये नको, मेहनतीने बांधलेले थेंब सुटतात. वरच्या प्रमाणाच्या मेयोनीजला तीन मोठे चमचे तेल, लसूण-तीळ-चोथ्यासकट, हाताने कालवा. मिक्सर आता परत लावायचा नाही. या तेलाची भर पडणारच असते, म्हणून तिखट डिप करायचा असेल तर मूळ मेयोनीजमध्ये मी तेल २०० ऐवजी १८० मिलीच घेते.

तुमच्या हिरव्या चटणीकडे येते. हा प्रसंग माझ्यावर फार वाईट गुजरला होता. सुरुवातीच्या वर्षांत चाळीस माणसांच्या एका बारशाची ऑर्डर होती. सकाळी पुदिना-कोथिंबिरीची चटणी मिक्सरला लावली, मेयोनीजमध्ये कालवली, सुंदर पोपटी रंग आला. संध्याकाळी डबा उघडला तर वर हिरवं पाणी आणि खाली गोळे. त्या घरी मी फक्त कटलेट आणि चिंचेची चटणी पाठवली आणि डिपचे पैसे घेतले नाहीत. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तीच चटणी पुन्हा केली आणि फडक्यातून पिळून बघितली. वाटीभर चटणीतून पाव वाटीहून जास्त पाणी निघालं. वाटताना मी घातलेलं पाणी तर त्यात होतंच, पण बाकीचं पानांचं होतं, मिठाने ओढून काढलेलं.

तेव्हापासून हिरव्या डिपमध्ये चटणी जातच नाही, ठेचा जातो. आठ-दहा हिरव्या मिरच्या आणि तेवढ्याच लसूण पाकळ्या तव्यावर चमचाभर तेलात डाग पडेपर्यंत परता. झाकण ठेवू नका, नाहीतर वाफेचं पाणी पुन्हा आत जातं. गार झाल्यावर खलबत्त्यात मीठ घालून ठेचा. मूठभर कोथिंबीर धुऊन, फडक्यावर पसरून, हाताला ओल लागणार नाही इतकी वाळवून, बारीक चिरून त्यातच ठेचा. ठेचा वाटीत तिरका ठेवून दहा मिनिटं सोडा. वाटीच्या एका बाजूला चमचा-दोन चमचे हिरवट पाणी जमा होतं. ते डिपमध्ये न घालता आमटीत घाला, चव त्यात भरपूर असते. उरलेला कोरडसर ठेचा मेयोनीजमध्ये कालवा, पण खायच्या तासभर आधी, त्याहून लवकर नाही. रंग बाहेरच्यासारखा गडद हिरवा येणार नाही, ठिपकेदार येईल. मला तोच आवडतो, त्यात काय घातलंय ते दिसतं.

कांदा, काकडी, टोमॅटो डिपमध्ये घालायचाच असेल तर तो वरून, वाढताना.

दह्याचा डिप आंबट होतो, कारण दही टांगताना आपण ते बाहेर टांगतो. रात्रभर ओट्यावर टांगलेलं दही पाणी सोडतं खरं, पण त्याचबरोबर आंबतही राहतं. ताजं, आदल्या रात्री विरजलेलं, म्हशीच्या दुधाचं दही घ्या, फडक्यात बांधून चाळणीत ठेवा, खाली पातेलं आणि सगळं फ्रिजमध्ये, वर एखादी जड वाटी दाबून. आठ-दहा तासांत अर्ध्या किलो दह्याचा साधारण २०० ते २५० ग्रॅम चक्का मिळतो. पुढची चूक म्हणजे हा चक्का मिक्सरमध्ये फिरवणं. दह्याची जाळी मोडली की तिच्यात अडकलेलं पाणी सुटतं आणि घट्ट चक्का दोन मिनिटांत ओघळायला लागतो. श्रीखंडाला वापरता त्या पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून चक्का दाबून काढा, मग चमच्याने फेटा. मीठ सगळ्यात शेवटी. वरचं मिरचीचं तेल यात दोन मोठे चमचे कालवलं की चक्क्याला हवी असलेली स्निग्धता तिथूनच येते. दही जरा आंबट निघालंच तर साखर वाढवण्यापेक्षा दोन चमचे ताजी साय घाला. साखरेने डिप गोड होतो, सायीने आंबटपणाची धार बोथट होते.

माझ्या ऑर्डरींसाठी मी या दोघांचं लग्न लावलेलं आहे: दोन भाग मेयोनीज, एक भाग चक्का. नुसतं मेयोनीज चार फ्राइजनंतर तोंडाला तेलकट होतं आणि नुसता चक्का कोशिंबिरीसारखा लागतो. एकत्र केल्यावर चक्क्याचा आंबटपणा तेलकटपणा कापतो, आणि मेयोनीजमुळे डिप पदार्थाला धरून राहतो, गळून पडत नाही. कॉलेजच्या मुलांच्या पार्टीला हेच मिश्रण मिरचीच्या तेलाबरोबर देते, भांडी पुसून परत येतात.

एक गोव्याकडचा प्रकार सांगितल्याशिवाय राहवत नाही. रेशाद मसाला तुम्ही मासे भरायला वापरला असेल: सुक्या लाल मिरच्या, लसूण, आलं, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी आणि हे सगळं पाण्याऐवजी माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटलेलं. पाणी नाही, आंबट भरपूर, मसाला दाट, म्हणजे आपल्या डिपला हवं ते सगळं आयतं. वरच्या प्रमाणाच्या मेयोनीजला दोन चमचे रेशाद पुरतो. तो आधी थोड्या तेलावर कच्चा वास जाईपर्यंत परतून गार करा आणि मूळ मेयोनीजमध्ये व्हिनेगर निम्मंच घाला. तळलेल्या बोंबलाबरोबर हा डिप खाऊन बघा. तुम्ही मासे खात नसाल तर सुरणाच्या कापांबरोबर.

कच्च्या लसणाचा डिप दुसऱ्या दिवशी उग्र का होतो, हेही लोक विचारतात. लसूण ठेचला की त्यातली तिखट वासाची द्रव्यं तयार होतात. परतलेल्या लसणात ती प्रक्रिया थांबते. कच्चाच हवा असेल तर लिंबाच्या रसात बुडवून ठेचा, आंबटामुळे उग्रपणा बराच कमी राहतो. आणि लसूण घातलेलं तेल बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नका. हवा न लागणाऱ्या तेलात, खोलीच्या तापमानाला, बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि त्याचा वास किंवा चव येतेच असं नाही. फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

डिपही तसाच. दुकानातली बाटली महिनोन्महिने टिकते ती तिच्यातल्या मोजून घातलेल्या आंबटामुळे आणि संरक्षकांमुळे, ते आपल्याकडे नाही. लाल डिप घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, फ्रिजमध्ये मागच्या बाजूला, तीन ते चार दिवस. चक्का असेल तर दोन-तीन. ठेच्याचा त्याच दिवशी. दारात ठेवू नका, दर वेळी दार उघडलं की तिथलंच तापमान आधी वाढतं. टेबलावर दोन तासांच्या वर नाही, आणि मे महिन्यात एकच तास. मी लहान वाट्या भरून थोड्या थोड्या बाहेर काढते, वाढून उरलेली वाटी परत डब्यात ओतत नाही. फ्रीझरमध्ये ठेवायचा विचारही करू नका. पाणी गोठलं की थेंबांची आवरणं फुटतात, वितळल्यावर तेल वेगळं आणि दूध वेगळं. गरम पदार्थात कालवून शिजवलं तरी तेच होतं, म्हणून तंदुरी मोमोवर डिप भट्टीतून बाहेर काढल्यावरच घाला.

गार डिपची चव मंद लागते, म्हणून फ्रिजमधून काढल्यावर एकदा मीठ-आंबट पुन्हा बघा. जवळजवळ नेहमीच चिमूटभर मीठ आणि चार थेंब लिंबू लागतं. तिखट मात्र तेव्हा वाढवू नका, ते आत आहेच.

पुढच्या वेळी पूर्ण प्रमाण न घेता ५० मिली दूध आणि १०० मिली तेलाचं हँड ब्लेंडरने करून बघा, उंच ग्लासात. लहान प्रमाणात पट्टे वर चढताना नीट दिसतात आणि हाताला अंदाज येतो. आणि तेही फुटलं, दुसऱ्या जारमध्ये घेऊनही मिळून आलं नाही, तर ओतून देऊ नका. त्यात दूध आहे, तेल आहे, मीठ, मोहरी आणि लिंबू आहे. दोन वाट्या कणकेत मोहन म्हणून घाला, वर तिखट, ओवा आणि हळद टाका, लागेल तेवढंच पाणी घेऊन घट्ट भिजवा. तिखटामिठाच्या पुऱ्या इतक्या खुसखुशीत होतात की माझ्या घरी फुटलेल्या मेयोनीजची वाट बघणारी माणसं आहेत.